धोंडीबाकाकांचा आडवा हात

दिघीला लष्कराच्या तारेच्या कुंपणाला लागून आमची पत्र्याची चाळ होती. दहा खोल्यांची. तिसऱ्या खोलीत धोंडीबाकाका सरवदे राहत आणि चौथीत बबनकाका ओव्हाळ. दोघं उस्मानाबादकडच्या एकाच गावचे, एकाच बौद्धवाड्यातले. चौसष्ट साली एकाच दिवशी ते भोसरीच्या फोर्जिंगच्या कंपनीत लागले, एकाच हॅमरवर उभे राहिले आणि सतरा वर्षं तिथंच उभे होते.

हॅमर म्हणजे दोन माणसांच्या उंचीचा यांत्रिक घण. भट्टीतून काढलेला लाल ठोकळा बबनकाका सांडशीत धरून घणाखाली ठेवायचे आणि धोंडीबाकाका पायाखालचं पेडल दाबायचे. घण पडला की आमच्या चाळीपर्यंत ऐकू यायचं, इतक्या लांब. जवळ उभं राहणाऱ्याला तर तो ऐकू येत नसे, तो छातीत बसायचा.

अशा जागी तोंडानं बोलून उपयोग नव्हता. हॅमर शॉपची सगळी बोली हातांची होती. सांडस धरणारा खूण करी आणि पेडलवाला तीच खूण परत करून मगच पेडल दाबी. एक बोट वर म्हणजे हलका ठोका. मूठ म्हणजे जोराचा. आडवा तळहात छातीसमोरून एकदा डावीकडून उजवीकडे गेला, की थांब, नको, नाही. या शेवटच्या खुणेला कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. ती पाळायला एक क्षण उशीर झाला तर सांडस धरणाऱ्याचा हात जायचा. धोंडीबाकाकांनी ती सतरा वर्षं पाळली होती. म्हणून बबनकाकांची दहाही बोटं शाबूत होती.

त्या बोलीत थट्टाही चाले. फोरमन येताना दिसला की कुणीतरी पोटासमोर मोठा गोल काढी, आणि धुरात उभी असलेली पंधरा-वीस माणसं आवाज न करता हसत. घरी आल्यावरही काकांचे हात बोलतच राहत. जेवताना सोजरकाकू भाकरी वाढायला वाकल्या की ताटावर आडवा हात फिरे.

"तोंडानं सांगा की वो," काकू चिडायच्या. "मी काय हॅमर हाय का?"

काका हसायचे. पण तोंडानं सांगायचे नाहीत.

माझी आई, कुसुम, त्याच कंपनीत टेलिफोन बोर्डावर होती. बाबा गेल्यावर तिला ती नोकरी मिळाली होती. पुढचं बरंचसं तिनं सांगितलेलं आहे, थोडं सोजरकाकूंनी. माझ्या डोळ्यांनी मी फक्त शेवट पाहिला.

एक्याऐंशीच्या जानेवारीत कंपनीनं पुण्याहून डॉक्टर बोलावला. दवाखान्यामागच्या खोलीत एकेकाला बसवून त्याच्या कानाला यंत्र लावलं. हॅमर शॉपची चौदा माणसं नापास झाली. यादीत पहिलं नाव बबन ओव्हाळ. धोंडीबाकाका पेडलच्या बाजूला, लोखंडी पत्र्याच्या आडोशाला उभे राहत, म्हणून त्यांचा एक कान वाचला होता. ते पास झाले.

मग बातमी आली की या चौदा जणांना कामाला अयोग्य ठरवून एक एप्रिलपासून घरी पाठवणार. कामगारांचं म्हणणं साधं होतं. त्यांना हॅमरवरून काढा, पण पॅकिंगला घ्या, स्टोअरला घ्या, यार्डात घ्या. हलकं काम द्या.

"खोक्यात माल भराया कान कशाला लागतो?" बबनकाका ओट्यावर बसून विचारत. ऐकू येत नसलेल्या माणसासारखे ते ओरडूनच बोलत. "खोकं का माझ्याशी बोलनार हाय?"

चाळ हसली. कस्तुराकाकू, त्यांची बायको, हसली नाही.

पूर्वी असं काही असलं की मुंबईचे मोठे साहेब गाडीनं घाट चढून येत. महिन्यातून एकदा गेटवर त्यांची गाडी थांबे, माणसं समोर जाऊन उभी राहत आणि साहेब काच खाली करून ऐकत. ऐकून मान्य करतच असं नव्हे, पण समोरचा माणूस त्यांना दिसे. त्या वर्षी मुंबईच्या ऑफिसानं परदेशातून एक यंत्र मागवलं आणि पर्सोनेल मॅनेजर नानासाहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं. राखाडी रंगाचा, जेवणाच्या डब्याएवढा ठोकळा, पुढं जाळी. फोन जोडला की साहेबांचा आवाज त्या जाळीतून अख्ख्या खोलीला ऐकू येई आणि खोलीतलं बोलणं साहेबांना. कानाला काही लावावं लागत नसे. साहेबांना आता घाट चढायची गरज उरली नव्हती. सगळे त्याला डबा म्हणू लागले. 'आज डब्यावर मीटिंग आहे,' असं.

चौदा जणांचा निकाल डब्यावरच लागणार होता. युनियनचा सेक्रेटरी जयसिंग हा साताऱ्याकडचा तरुण. मशीन शॉपला जाण्याआधी त्यानं तीन वर्षं हॅमरवर काढली होती.

"मागणी मी मांडतो," तो म्हणाला. "पण साहेब विचारणार, हॅमर शॉपचं काय म्हणणं आहे. तेव्हा तुमच्यातला कुणीतरी पाहिजे. आणि ज्याला ऐकू येतं असाच पाहिजे, डबा बोलणार आहे ना."

जुन्या माणसांत ऐकू येणारं कोण होतं? सगळ्यांनी धोंडीबाकाकांकडे बघितलं.

"मला बोलाया जमत न्हाई, जयसिंगराव."

"भाषण नाही करायचं, काका. फक्त नाही म्हणायचं. एवढं तर जमतं ना?"

"तेवढं जमतं," काका म्हणाले.

मीटिंग मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी अकराला झाली. काकांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. नानासाहेबांच्या खोलीत खाली जाजम होतं, खिडक्यांना जाड पडदे. घणाचा आवाज तिथं पोचायचा तो कुणी शेजारच्या घरात दार लोटल्यासारखा. इतक्या शांत जागी सतरा वर्षांत काका दिवसा कधी बसले नव्हते.

"एक लक्षात ठेवा," नानासाहेब म्हणाले. "या यंत्रावर एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो. मध्ये कुणी खाकरलं, खुर्ची सरकवली, तरी साहेबांचं बोलणं तुटतं. विचारल्याशिवाय आवाज करायचा नाही."

काकांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

खाली बोर्डावर आईनं मुंबईचा ट्रंक कॉल जोडून दिला. लाइन धरून आहे की तुटली हे बघायला ऑपरेटरला मधूनमधून कान लावावा लागे. ती वरची खोली पाहू शकत नव्हती. तिला फक्त ऐकू येत होतं.

अर्धा तास उत्पादनाचं इंग्रजी बोलणं चाललं. मग जयसिंगनं मागणी मांडली. चांगली मांडली, आई म्हणते, एकही शब्द अडखळला नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. मग डबा म्हणाला, "हॅमर शॉपचं कोण आहे तिथं?"

"धोंडीबा सरवदे, सर," नानासाहेब म्हणाले.

"सरवदे, हे बघा, या लोकांना कंपनी सगळा हिशेब देऊन मोकळं करते आहे. तुमच्या शॉपला हे मान्य आहे ना?"

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. साहेबांशी बसून बोलायची त्यांची रीत नव्हती. आणि त्यांनी छातीसमोरून आडवा हात फिरवला.

खोलीत काकांखेरीज सहा माणसं होती. सहाही जणांनी तो पाहिला. जयसिंग पुढं सांगायचा की त्याच्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या माणसाला असं थेट नाही म्हणताना त्यानं हॅमर शॉपच्या माणसाला कधी बघितलं नव्हतं.

"सरवदे?" डबा पुन्हा म्हणाला.

काकांनी पुन्हा हात फिरवला. या वेळी जोरात, सदऱ्याची बाही फडफडली. जाळीतून नुसती खरखर येत होती. त्यांनी तिसऱ्यांदा फिरवला आणि मग बसले. त्यांच्या परीनं त्यांनी एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. जयसिंगच्या परीनंही उत्तर दिलं गेलं होतं. हॅमरच्या बोलीत ते उत्तर इतकं स्पष्ट होतं, की त्याला तोंडाची जोड लागते हे दोघांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

साहेब इंग्रजीत दोन वाक्यं भराभर बोलले. नानासाहेब म्हणाले, "येस सर." मीटिंग संपली.

ती दोन वाक्यं जयसिंगला आणि काकांना कळली नाहीत, पण खाली आईला समजली. कामगारांची काही हरकत दिसत नाही, असं नोंदवून घ्या. पुढच्या आठवड्यात कागद पाठवा.

आईनं प्लग काढला. तिच्या कानात सरवदे या नावानंतरच्या त्या दोन शांत जागा राहिल्या होत्या. तिला वाटलं, धोंडीबाभाऊ गप्प बसले. त्यांचं नाव यादीत नाही, म्हणून गप्प बसले.

लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही ही ऑपरेटरची पहिली शिस्त. आईनं ती नोकरी त्या शिस्तीवर टिकवली होती. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये काका तिच्या पुढच्याच बाकावर होते. त्यांनी मागं वळून विचारलं, "कुसुमताई, डबा भारी हाय ना तुमचा?" आईनं खिडकीबाहेर पाहिलं.

चाळीत बबनकाका ओट्यावर वाटच बघत होते. त्यांनी हनुवटी वर उडवून विचारलं. धोंडीबाकाकांनी आडवा हात फिरवला, मग तीन बोटं दाखवली. तीनदा. बबनकाकांनी कस्तुराकाकूला हाक मारली. तिनं गुळाचा चहा केला आणि दहाही खोल्यांत कप पाठवले. आमच्या घरचा कप आईनं न पिता मोरीत ओतला.

अकरा दिवस बबनकाका आनंदात होते. पॅकिंगला गेल्यावर बसून काम मिळेल, मग पाठीला आराम, असं ते सगळ्यांना ओरडून सांगत. कस्तुराकाकूनं मुलाचं नाव भोसरीच्या शाळेत घालायचं ठरवलं. त्या अकरा दिवसांत आईनं एक वाक्य विचारलं असतं, तर कागद मुंबईला जायच्या आत थांबवता आला असता. हे ती आजही म्हणते.

बाराव्या दिवशी गेटवर नोटीस लागली. चौदा नावं, आणि खाली लिहिलेलं, की कामगार प्रतिनिधींची हरकत नसल्याने निर्णय कायम करण्यात येत आहे.

जयसिंग धोंडीबाकाकांना घेऊन तडक नानासाहेबांच्या खोलीत शिरला.

"साहेब, हरकत नाही कसं लिहिलंत? हे तुमच्यासमोर उभं राहून नाही म्हणाले."

"म्हणाले?" नानासाहेब म्हणाले. "काय म्हणाले?"

"हातानं सांगितलं. तीन वेळा. तुम्ही बघत होता."

"बघत होतो. मी नाही म्हणत नाही. पण मीटिंग फोनवर होती, जयसिंग. फोनवर जे गेलं ते मी लिहिलं."

"मग तुम्ही सांगायचं ना साहेबांना, की हा माणूस नको म्हणतोय!"

"माझं मत कुणी विचारलं नव्हतं," नानासाहेब म्हणाले आणि समोरची फाइल उघडली.

धोंडीबाकाका डब्याकडे बघत होते. त्या दिवशी तो बंद होता. त्यांनी जाळीला बोट लावून पाहिलं, आत डोळा असेल अशा जागी.

शॉपमध्ये कुणी त्यांच्याशी बोलेना. कॅन्टीनला रांगेत मागून टोमणे येत. "काय धोंडीबाराव, तुमचे कान शाबूत राहिले म्हणं! डॉक्टरला काय पाजलं?" दुसरा म्हणे, "अरे, हळू बोल. त्यांना ऐकू येतं."

त्या रविवारी काका आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"कुसुमताई, तुमी लाइनवर व्हता. तुमाला तरी काय ऐकू आलं?"

"काही नाही," आई म्हणाली. "तुम्ही काहीच बोलला नाहीत, धोंडीबाभाऊ."

"मी असं केलं," ते म्हणाले आणि उंबऱ्याबाहेर, उन्हात, त्यांनी करून दाखवलं.

आई मटकन पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. जेवणाच्या सुट्टीत काकांना बोर्डाच्या खोलीत बोलावलं, मुंबईचा कॉल लावला, साहेबांच्या सेक्रेटरीला पर्सोनेलकडून बोलतेय असं खोटं सांगितलं आणि रिसीव्हर काकांच्या हातात दिला. "तोंडानं," ती म्हणाली. "भाऊ, तोंडानं बोला."

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, म्हणजे हात मोकळे राहू नयेत.

"साहेब, मी धोंडीबा सरवदे. हॅमर शॉप. आमाला मान्य न्हाई साहेब. चौदा मान्सं हायती. त्यान्ला हलकं काम द्या. मान्य न्हाई."

मग साहेब शांतपणे म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं हुतं साहेब. समद्यांम्होरं सांगितलं."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"हातानं सांगितलं साहेब."

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. आई म्हणते, त्याचंच तिला जास्त भय वाटलं. ते म्हणाले, "सरवदे, डायरेक्टरांच्या बोर्डापुढं कागद गेला आहे. त्यावर सह्या झाल्या. आता एका माणसाच्या सांगण्यावरून तो फिरत नाही. नानासाहेबांना भेटा." आणि फोन ठेवला.

आईला मेमो मिळाला. तिचा पगार वाढायचा होता, तो त्या वर्षी वाढला नाही.

बबनकाकांना कुणी सांगायचं हा प्रश्न होता. नोटीस त्यांना कळली होती, पण ती अशी का लागली ते कळलं नव्हतं. संध्याकाळी जयसिंग साक्षीला आला. मी ओट्यावर अभ्यासाला बसले होते. धोंडीबाकाका हातांनी सांगू लागले. साहेब. डबा. उभा राहिलो. नाही, नाही, नाही. इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग त्यांचे हात हवेत थांबले. जे ऐकतं पण बघत नाही, अशा वस्तूसाठी हॅमर शॉपमध्ये खूण नव्हती. ते कानाला हात लावत, मग डोळ्यांवर झाकण धरत, मग पुन्हा कान. बबनकाका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी जयसिंगनं वहीत लिहून कस्तुराकाकूच्या मुलाकडं दिलं आणि त्यानं बापाच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचलं. सगळ्या चाळीनं ऐकलं.

बबनकाका उठले नाहीत. रागानं लाल झाले नाहीत. ते आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तू न्हाई म्हनलास हे मला ठावं हाय, धोंडी. तू व्हय म्हनशील असं मी मेलो तरी मानणार न्हाई." मग म्हणाले, "पर माझे कान गेले हायती, तुझं तोंड कुठं गेलं हुतं?"

त्यांना टोचायचं नव्हतं. ते खरंच विचारत होते. उत्तरासाठी ते काकांच्या ओठांकडे बघत राहिले, आणि ओठ हलले नाहीत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ओव्हाळांचं सामान टेम्पोत चढलं. दोन ट्रंका, शिवणयंत्र, विहारातून आणलेली बुद्धाची तसबीर कस्तुराकाकूच्या मांडीवर. ती सोजरकाकूंच्या गळ्यात पडून रडली. धोंडीबाकाका तेवढा वेळ कामावर होते. फर्स्ट शिफ्ट बदलून घेता आली असती. त्यांनी घेतली नाही.

त्यानंतर काकांनी हॅमरवर हात वापरायचे सोडले. नव्या जोडीदाराच्या खुणेला ते तोंडानं उत्तर देऊ लागले. भट्टीच्या धगीत, घण पडत असताना, गळ्याच्या शिरा फुगवून ते ओरडत, "हलका! जोरात! न्हाई!" कुणालाच ऐकू येत नसे. त्यांचं तोंड उघडंमिटं होताना दिसे फक्त. आधी माणसं हसली, मग गप्प झाली, मग नवा जोडीदार फोरमनकडे गेला. 'या माणसाबरोबर मी उभा राहणार नाही, माझा हात जाईल,' म्हणाला. तो बरोबरच होता.

फोरमननं काकांना समजावलं. जयसिंगनं समजावलं. काका दोन दिवस हातांनी काम करत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ओरडू लागत. पावसाळा संपेपर्यंत त्यांचा आवाज इतका बसला, की घरीसुद्धा तो कुजबुजल्यासारखा येई. सोजरकाकू मध घालून गरम पाणी देत. ते पीत. विचारलं तर सांगत, "सवय लावून घेतोय."

दिवाळीआधी ऑर्डर निघाली. धोंडीबा सरवदे, हॅमर शॉपमधून बदली. पॅकिंग विभाग. हलकं काम.

तो कागद त्यांनी घरी आणला नाही. आईनं ऑफिसात त्याची प्रत पाहिली आणि त्या दिवशी बसमध्ये ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

पॅकिंगची शेड कंपनीच्या दुसऱ्या टोकाला, झाडांत होती. तिथं खोकी, गवत आणि खिळे होते, आणि बसायला स्टुलं. चार माणसं दिवसभर गप्पा मारत काम करत. तिथं कुणीही काहीही म्हटलं की ऐकू येत असे. काका आपलं खोकं घेऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

आठवड्यानं सोजरकाकूंनी विचारलं, "कसं हाय वो तिथं?"

त्यांनी घास गिळला.

"शांत हाय," ते म्हणाले.